कुत्रा टोपलीत, मांजर कुत्र्याच्या गादीवर: घरातल्या प्राण्यांची झोप कशी वाचायची

आमच्या घरी चौघे आहेत. ढब्बू हा 12 वर्षांचा, 34 किलोंचा लॅब्रेडॉर. टिकली ही छोटी, मिश्र जातीची कुत्री. पिंट्या बोका आणि काजळी मांजर. रात्री दिवे मालवायला निघालं की दिसतं ते असं: ढब्बूच्या भल्यामोठ्या गादीच्या मधोमध काजळी मुटकुळं करून पडलेली, शर्टाच्या बटणाएवढी. ढब्बू काजळीच्या टोपलीत, म्हणजे हनुवटी आणि पुढचे दोन पंजे टोपलीत, उरलेला देह फरशीवर. टिकली कोचाखाली उताणी, चारही पाय हवेत. पिंट्या राउटरवर.

कुत्री-मांजरं पाळणाऱ्या प्रत्येकाकडे असं एखादं चित्र असतं आणि त्यामागे दोन प्रश्न असतात. हे असं का करतात? आणि यात काळजीचं काही आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवाने शिकलो, तेही उशिरा. सवय कितीही चमत्कारिक असली तरी जुनी आणि ठरलेली असेल, तर बहुतेक वेळा निर्धोक असते. एखादी अगदी साधी सवय अचानक मोडली, तर मात्र आपण कान टवकारायचे. पण सवय मोडली हे कळायला आधी ती काय होती हे माहीत हवं, म्हणून सुरुवात वहीपासून.

पहिली पायरी: आठ दिवसांची वही

फोनमध्ये लिहा किंवा कागदावर, पण आठ दिवस सलग लिहा. प्रत्येक प्राण्यासाठी एक ओळ पुरते: कुठे झोपला, कसा झोपला, रात्री किती वेळा उठला, सकाळी उठताना अंग ताणून उठला की कण्हत उठला.

तास मोजण्याच्या फंदात फार पडू नका. मोठा कुत्रा डुलक्या धरून दिवसाला साधारण 12 ते 14 तास झोपतो, मांजर 12 ते 16 तास, आणि पिल्लं तर 18 ते 20 तासांपर्यंत. म्हणजे मांजर दिवसभर झोपलेलं दिसतं, ही तक्रार नाही, तो त्याचा दिनक्रम आहे. जुन्या सुभाषितात विद्यार्थ्याला ‘श्वाननिद्रा’ असावी असं म्हटलंय, जरा खुट्ट झालं की जाग. ते अर्धंच खरं. कुत्र्याची झोप सावध असते, पण ती दिवसभरात अनेक तुकड्यांत विखुरलेली असते, आणि त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत तो स्वप्नं पडणाऱ्या झोपेपर्यंत पोहोचतो. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला हे परवडणारं नाही.

एक आकडा मात्र जरूर लिहा: श्वास. प्राणी शांत, गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असं 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्रा किंवा मांजर झोपेत मिनिटाला साधारण 15 ते 30 श्वास घेतं. स्वप्न चालू असताना मोजू नका, तेव्हा श्वास वेडावाकडा असतो. चार-पाच वेळा मोजलं की तुमच्या प्राण्याचा नेहमीचा आकडा हाती येतो. पुढे कधी शांत झोपेतही तो सतत 30 च्या वर दिसू लागला तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास बऱ्याचदा आधी इथेच दिसतो, खोकल्याच्याही आधी.

दुसरी पायरी: जागेला चार प्रश्न विचारा

वहीत जागा जमल्या की प्रत्येक जागेला विचारा: इथे ऊब आहे का, उंची आहे का, ओळखीचा वास आहे का, आणि पाठ सुरक्षित राहते का? बहुतेक विचित्र जागांचं कोडं या चारांत सुटतं.

उबेचं घ्या. मांजराच्या शरीराला तापमान टिकवण्यासाठी जास्तीची शक्ती खर्च करावी लागत नाही, असा पट्टा साधारण 30 ते 38 अंश सेल्सियसचा आहे. आपण ज्या तापमानाला पंखा वाढवतो, तिथे मांजराचं सुख सुरू होतं. म्हणून राउटर, लॅपटॉप, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, आपलं पोट, आपलं डोकं. पिंट्याला राउटरवरून उतरवून मी महिना घालवला. उतरवलं की तो वाट बघायचा आणि माझी पाठ वळली की परत. मग राउटरच्याच शेजारी, त्याहून वीतभर उंचीवर, लोकरी कापड घातलेला खोका ठेवला आणि राउटरवर जाळीची तिरकी झाकण बसवली. तीन दिवसांत मुक्काम हलला. मांजराला ‘इथे नको’ सांगून काही होत नाही. ‘तिथे जास्त बरं आहे’ हे त्याला पटवावं लागतं.

दाट केसांच्या कुत्र्याचं उलटं. महागडी गादी सोडून तो न्हाणीघराच्या दाराशी गार फरशीवर पडतो, कारण त्याला उष्णता बाहेर टाकायची असते. उताणं झोपण्यातही तेच: पोटावर केस विरळ, तिथून उष्णता लवकर जाते. घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, ते हवेत धरले की आणखी सोय. अर्थात उताणं झोपायला निर्धास्तपणाही लागतो. नव्या घरात आलेला कुत्रा पहिल्या रात्री तसा झोपत नाही.

वासाचं उदाहरण म्हणजे धुण्याच्या कपड्यांचा ढीग आणि चपला. तुम्ही बाहेर असता तेव्हा तुमचा न धुतलेला शर्ट हा घरातला सगळ्यात ‘तुम्ही’ असलेला भाग असतो. एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्याच्या अंथरुणात असा शर्ट मुद्दाम ठेवून बघा.

पाठीचा प्रश्न कुत्र्यांमध्ये गमतीने दिसतो. टिकली झोपते ती माझ्याकडे पार्श्वभाग करून. नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला हा अपमान वाटतो. खरं तर पाठीकडची बाजू तिने माझ्यावर सोपवलेली असते आणि दार स्वतःकडे घेतलेलं असतं.

झोपण्याआधी गोल फिरणं, गादी उकरणं, मांजराचं पंजांनी मळणं यांकडे फार लक्ष देऊ नका. पहिल्या दोन्ही सवयी जागा सारखी करण्याच्या जुन्या खोडी मानल्या जातात. तिसरी आईचं दूध पिताना लागलेली. मात्र म्हातारा कुत्रा गोल फिरतोय, फिरतोय आणि बसतच नाहीये, तर ती खोड नाही, बसताना दुखतंय. आणि एक गंमत: 2025 साली संशोधकांनी झोपलेल्या मांजरांचे 408 व्हिडिओ पाहिले, तर सुमारे दोन तृतीयांश मांजरं डाव्या कुशीवर झोपलेली निघाली. आमची काजळी उजव्या कुशीची. तिला बहुमताचं काही पडलेलं नाही.

तिसरी पायरी: स्वप्न की फिट, हे ओळखायला शिका

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. झोपेत पाय धावतात, ओठ थरथरतात, बारीक भुंकण्याचा आवाज येतो, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलतात. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतका कामात असतो, आणि मेंदूच्या बुंध्यातला एक भाग स्नायूंना सैल ठेवतो, म्हणून प्राणी उठून पळत सुटत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल जुव्हे यांनी 1950 आणि 60 च्या दशकांत हे मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तो भाग निकामी केलेली मांजरं झोपेतच उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालायची, पाठ फुगवायची. आपल्या प्राण्यांत तो लगाम शाबूत असतो, फक्त अधूनमधून जरा निसटतो. दिसते ती थरथर तेवढीच. पिल्लांमध्ये आणि म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये ती जास्त दिसते.

फरक असा बघा. स्वप्नातली हालचाल तुटक असते: थरथर, थांबणं, पुन्हा थरथर. अंग सैल असतं. नाव घेतलं की जाग येते आणि जागा झालेला प्राणी लगेच ओळख दाखवतो. फिटमध्ये अंग ताठ होतं, पाय एका लयीत जोरात मारले जातात, लाळ गळते, बऱ्याचदा जागच्या जागी लघवी किंवा शी होते, हाक मारून काही उपयोग नसतो. आणि थांबल्यावरही प्राणी काही वेळ भांबावलेला, धडपडणारा, कधी न दिसल्यासारखा वागतो.

फिट आहे असं वाटलं तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, जीभ गिळली जात नाही. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, इतर प्राण्यांना दुसऱ्या खोलीत कोंडा (फिट आलेल्या कुत्र्यावर दुसरा कुत्रा धावून जाऊ शकतो), घड्याळ बघा आणि जमलं तर व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत एकापेक्षा जास्त वेळा आली, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा.

स्वप्न असेल तर झोपू द्या. अगदीच कळवळा आला तर लांबून नाव घ्या. हात लावून हलवू नका. स्वप्नातून दचकून उठलेला कुत्रा समोर कोण आहे हे कळायच्या आत चावू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. घरात लहान मूल असेल तर हा एकच नियम शिकवा, बाकीचे नंतर: झोपलेल्याला हात लावायचा नाही, हाक मारायची.

चौथी पायरी: गादीचं राजकारण

मांजर कुत्र्याच्या गादीवर आणि कुत्रा मांजराच्या टोपलीत, हे फोटोत गोड दिसतं. ते खरंच गोड आहे की नाही हे कुत्र्याकडे बघून ठरवा. गादीवर मांजर दिसल्यावर कुत्रा सरळ दुसरीकडे जाऊन पसरला, सुस्कारा टाकून झोपला, तर तो सौदा त्याला मान्य आहे. पण तो गादीभोवती घुटमळतो, मान फिरवतो, ओठ चाटतो, उगाच जांभया देतो, तर तो भिऊन जागा सोडतोय. उलट बाजूही असते. कुत्रा ताठ उभा राहून टक लावून बघतो आणि मांजर अंग चोरून निघून जातं, तिथे गुरगुर ऐकू आली नाही तरी दादागिरी चालू आहे. मांजरं तर ही दादागिरी आणखी शांतपणे करतात: बोळाच्या तोंडाशी किंवा लिटर बॉक्सच्या (मांजराच्या शी-लघवीच्या डब्याच्या) वाटेवर ऐसपैस पडून राहायचं, बस. बघणाऱ्याला वाटतं, किती निवांत झोपलंय.

उपाय एकाच दिवशी करू नका. आधी जागा वाढवा. प्राणी जितके, त्याहून निदान एक अंथरूण जास्त, आणि ती सगळी एका ओळीत नकोत. दोन वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या उंचीवर असावीत. मांजरासाठी निदान एक जागा अशी हवी जिथे कुत्र्याचं नाक पोहोचत नाही, आणि तिथून उतरायला दोन वाटा. एकच वाट असेल तर तो बुरूज नाही, सापळा आहे. कुत्र्याचं अंथरूण कोपऱ्यात, भिंतीला लागून, पण दारात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

हे शेवटचं आम्ही ठेच लागून शिकलो. ढब्बूची गादी पूर्वी खिडकीखाली होती. पिंट्या पहाटे खिडकीतून उडी मारायचा ती थेट झोपलेल्या ढब्बूच्या बरगड्यांवर. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे चाहूल नाही. एका पहाटे त्याने दचकून जबडा मारला. पिंट्याच्या कानाचा टवका गेला, आणि पुढचे दोन महिने पिंट्या ती खोली टाळून फिरायचा. भांडण दोघांचं नव्हतं, आम्ही लावलेल्या फर्निचरचं होतं. गादी चार फूट सरकवली, खिडकीखाली स्टूल ठेवलं, विषय मिटला.

नवा प्राणी आणला असेल तर एकत्र झोपवण्याची घाई करू नका. पहिले काही आठवडे रात्री वेगळ्या खोल्या. एकाच्या अंथरुणातलं कापड दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी ठेवा, अंथरुणात नको. हुंगून तो शांत राहिला, की दोन दिवसांनी थोडं जवळ. एकमेकांसमोर डुलकी काढणं ही पहिली खरी खूण. त्याआधी दोघांना उचलून फोटोसाठी शेजारी निजवलं, तर कमावलेलं घालवाल. आणि मोठा कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी छोट्या पिल्लाला रात्रभर त्याच्याजवळ सोडू नका. कूस बदलताना वजन अंगावर येतं.

पाचवी पायरी: पहाटे चारचा प्रश्न

मांजर निशाचर आहे असं आपण म्हणतो, पण त्याचा खरा जोर पहाटे आणि संध्याकाळी असतो. पहाटे चारला छातीवर उभं राहून तोंडावर पंजा मारणारं मांजर वेळेवर कामावर आलेलं असतं. त्याची वेळ पुढे ढकलायची तर त्याच्या क्रमाने चला: शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. म्हणजे आपल्या झोपेच्या तासभर आधी दोरीचं किंवा पिसांचं खेळणं घेऊन दहा-पंधरा मिनिटं दमवा, शेवटी एकदा खेळणं त्याच्या पंजात लागू द्या, आणि लगेच दिवसाचं शेवटचं जेवण. मग चाटणं आणि झोप तो स्वतःच करतो.

तरीही उठवलंच, तर उठायचं नाही, बोलायचं नाही, ढकलायचंही नाही. रागावणं हेदेखील त्याच्या लेखी उत्तरच असतं. इथे बहुतेक लोक हरतात, कारण पहिले काही दिवस त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. पूर्वी काम करणारं बटण बिघडलं की आपणही ते जोरात दाबतोच. सहाव्या दिवशी तुम्ही उठून वाटी भरलीत, तर मांजर एवढंच शिकेल की सहा दिवस ओरडावं लागतं. ठरलेल्या वेळी आपोआप उघडणारं जेवणाचं यंत्र मिळालं तर घ्या. मांजर यंत्राच्या मागे लागतं आणि तुमचा माग सोडतं.

कुत्रा रात्री उठवत असेल तर मात्र वेगळा विचार करा. पिल्लाला खरंच बाहेर जायचं असतं. मोठा कुत्रा आधी रात्रभर झोपायचा आणि आता दोनदा उठून पाणी पितो, लघवीला जातो, तर शिस्त लावू नका, मूत्रपिंड आणि मधुमेहाची तपासणी करून घ्या.

सहावी पायरी: आपल्या पलंगावर घ्यायचं की नाही

यावर लोक हिरिरीने भांडतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2017 साली 40 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला: कुत्रा खोलीत पण पलंगावर नसेल तर माणूस अंथरुणातल्या वेळेपैकी सुमारे 83 टक्के वेळ झोपतो, पलंगावर असेल तर 80 टक्के. फरक आहे, पण घटस्फोट घेण्याइतका नाही. पिसवा, गोचीड आणि जंतांची औषधं वेळच्या वेळी चालू असतील, घरात तान्हं बाळ त्याच पलंगावर नसेल आणि कोणाची प्रतिकारशक्ती कमी नसेल, तर हा तुमच्या पाठीचा आणि पांघरुणाचा प्रश्न आहे. पलंगावरून उतरवताना कुत्रा गुरगुरत असेल तर ओढू नका. खाली उभं राहून हाक मारा, उतरला की खाऊ द्या, आणि सध्या पलंग बंद.

धोक्याच्या जागांबद्दल एकच वाक्य: वॉशिंग मशीन, ड्रायर, आडवी होणारी खुर्ची, कपाटाचा खण आणि गाडीचं बॉनेट, यांतलं काहीही चालू किंवा बंद करण्याआधी घरातली मांजरं मोजा.

सातवी पायरी: वही कधी मिटायची आणि फोन कधी उचलायचा

काही चित्रं दिसली की वाट बघायची नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय. कुत्रा कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसलाय आणि आडवा होत नाहीये, कारण आडवं झालं की श्वास कोंडतो. प्राणी भिंतीला डोकं टेकवून, दाबून उभा आहे. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हापुन्हा बसतोय, तिथेच पडून राहतोय आणि लघवी होत नाहीये. हे शेवटचं लोकांना खोड वाटते. बोक्याची मूत्रनलिका तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

काही चित्रं दोन-तीन दिवसांत दाखवण्याची. पुढचे पाय जमिनीला, मागचा भाग वर, असा नमस्काराचा पवित्रा सारखा घेणं हे पोटदुखीचं लक्षण असतं. सतत वारंवार असेल किंवा उलट्याही असतील तर त्याच दिवशी जा. मांजर पाय पोटाखाली घेऊन बसतंच, पण पाठ कमानदार, मान खाली आणि डोळे अर्धवट आवळलेले असतील तर ते दुखणं सहन करतंय. म्हातारं मांजर रात्री घरभर हंबरत फिरतं, त्यात थायरॉइड आणि रक्तदाब दोन्ही तपासावे. म्हातारा कुत्रा दिवसा झोपतो, रात्री येरझाऱ्या घालतो, कोपऱ्यात जाऊन अडकतो, तो स्मृतिभ्रंश असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत. पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे बसून झोपतात, हनुवटी उंच ठेवतात किंवा तोंडात खेळणं धरून झोपतात. त्याचे व्हिडिओ हौसेने फिरवले जातात. तो बिचारा श्वासाची वाट उघडी ठेवत असतो.

दवाखान्यात जाताना वही आणि व्हिडिओ न्या. टेबलावर चढवलेला प्राणी घाबरून ताठ होतो आणि घरी दिसणारं काहीच दाखवत नाही. आणि आपल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवतं.

आता ढब्बूचं सांगतो. मागच्या वर्षी त्याने टोपली सोडली. सरळ स्वतःच्या गादीवर, उजव्या कुशीवर, रोज. आम्ही खूश झालो, एवढ्या वर्षांनी अक्कल आली म्हणून. तीन आठवड्यांनी मी सहज जुनी वही चाळली तर त्यात तो दोन्ही कुशींवर झोपायचा, आणि टोपलीत हनुवटी टेकवताना पुढचे पाय दुमडायचा. आता तो पाय दुमडतच नव्हता. एक्स-रेमध्ये डाव्या कोपराचा सांधा झिजलेला निघाला. औषध सुरू झालं, वजन दोन किलो उतरवलं, फरशीवर न घसरणाऱ्या चटया अंथरल्या आणि सांध्यांसाठी जाड फोमची नवी गादी आणली, कड बुटकी असलेली, म्हणजे पाय उचलावा लागणार नाही.

पाचव्या आठवड्यात एका रात्री दिवे मालवायला गेलो. नव्या गादीच्या मधोमध काजळी. ढब्बू फरशीवर, दोन्ही पंजे आणि हनुवटी टोपलीत. त्या दिवशीच्या ओळीत मी एकच शब्द लिहिला: टोपली.